धमनी फुगलेली निघाली? मग सीआरपी-ईएसआर असं करून घ्या

अँजिओग्राफी करून अकोल्याहून, अमरावतीहून किंवा नागपूरहून मूर्तिजापूरला परत आलात. डॉक्टर म्हणाले, "हृदयाची नस एका ठिकाणी फुगलेली आहे." वर चिठ्ठीवर सीआरपी, ईएसआर अशा अंगातली सूज पाहणाऱ्या रक्ताच्या दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या. आता ती चिठ्ठी हातात घेऊन बसलात ना? बसा निवांत. फाइल घ्या, पेन घ्या, रेघांची एक वही घ्या आणि चष्मा पुसून घ्या. फाइल घरात ज्याच्या ताब्यात असते, त्यानंच हे वाचायचं. आपण एकेक पायरी सोबतच करू.

त्याआधी दोन गोष्टी पक्क्या. रुग्णाच्या छातीत आत्ता दुखत असेल, दम लागत असेल, घाम फुटला असेल तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. आणि रुग्ण लहान मूल असेल, त्याला कावासाकी आजार सांगितला असेल, तर ही कृती त्याच्यासाठी नाही. खाली मी दोन आठवडे थांबायला सांगणार आहे, मुलाच्या तापात दोन दिवसही थांबायचं नसतं. सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आता सुरू करू. पहिलं काम घरातलंच आहे.

१. फाइलमधून अँजिओग्राफीचा रिपोर्ट बाहेर काढा. सुट्टीच्या वेळी मिळालेलं डिस्चार्ज कार्ड वेगळं आणि हा कागद वेगळा. कार्डावर बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं, खरा मजकूर या रिपोर्टातच असतो.

२. त्यात "एक्टेशिया" किंवा "एक्टॅटिक" हा शब्द शोधून त्याखाली रेघ मारा. शेजारच्या चांगल्या भागाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त रुंदी झाली की डॉक्टर हा शब्द वापरतात. जवळपास "स्लो फ्लो" लिहिलेलं दिसलं तर त्याखालीही रेघ मारा. "अ‍ॅन्युरिझम" असं लिहिलं असेल तर तोही शब्द अधोरेखित करा, पण स्वतः अर्थ लावत बसू नका.

३. कोणती धमनी आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एलएडी, एलसीएक्स, आरसीए यांपैकी एक किंवा जास्त नावं असतील. उजवीकडची आरसीए बऱ्याच जणांत फुगलेली सापडते. रिपोर्टात सोबत ब्लॉकही लिहिला असेल तर दचकू नका, निम्म्याहून अधिक रुग्णांत दोन्ही एकत्र असतात. तेही त्याच पानावर टिपा.

४. अँजिओग्राफीची सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात हे काम होतं. पूर्ण फोल्डर उतरवायला सांगा, स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. डॉक्टरांना धमनीतून रक्त वाहताना पाहायचं असतं, आणि फोटोत रक्त वाहत नाही.

५. रुग्ण घेत असलेली सगळी औषधं पाकिटावरून बघून लिहा. आठवणीतून नाही, पाकिटावरून. कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन सीआरपी खाली आणते, स्टेरॉइडही आणतं, म्हणून ही यादी महत्त्वाची. सांधेदुखीसाठी आणलेली बिननावाची पुडी असेल तर तीही यादीत टाका, लाजू नका. आणि एक सक्त ताकीद: तपासणी आहे म्हणून एकही गोळी बंद करायची नाही. रक्त पातळ करणारी तर मुळीच नाही.

६. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तपासण्यांची नावं मोठ्यानं वाचा. साधारण तीन असतात: सीआरपी, ईएसआर आणि सीबीसी. सीआरपीच्या आधी "एचएस" ही अक्षरं आहेत का बघा. नसतील तर दवाखान्यात फोन करून विचारा, "साधी सीआरपी करायची की हाय-सेन्सिटिव्हिटी?" हा एक फोन वाचवला तर पुढची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. कसं, ते दहाव्या पायरीत दिसेलच.

एखाद्या चिठ्ठीवर इंटरल्युकिन-६ असंही असतं. ती महागडी तपासणी आहे आणि संशोधनात तिचा उपयोग जास्त होतो. डॉक्टरांनी स्वतः लिहिली असेल तरच करा, लॅबवाल्यानं "पॅकेजात घालून देतो" म्हटलं म्हणून नको.

आता दिवस ठरवायचा. इथे घाई करणारे फसतात.

७. मागच्या दोन आठवड्यांत रुग्णाला काय काय झालं ते विचारा. ताप, सर्दी-खोकला, जुलाब, लघवीची जळजळ, दात काढणं, लस घेणं, पायात काटा मोडून पू होणं. यातलं एक जरी असेल तर तारीख पुढे ढकला आणि पूर्ण बरं वाटल्यावर दोन आठवडे मोजा. सीआरपीला धमनीतली सूज आणि पायातली सूज यातला फरक कळत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हातापायाला सतत ओरखडे असतात, तेव्हा हा प्रश्न दोनदा विचारा.

८. सांधे धरलेत का, हे वेगळं विचारा. पावसाळ्यानंतर आपल्याकडे चिकुनगुनिया होऊन गेलेली माणसं घरोघरी असतात आणि त्यांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहतात. ताप गेला म्हणून सूज गेली असं धरू नका. सांधे अजून सुजत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, तपासणी कधी करायची ते त्यांना ठरवू द्या. हार्ट अटॅक नुकताच आला असेल किंवा स्टेंट बसवून थोडेच दिवस झाले असतील तर हाच नियम. अटॅकनंतर सीआरपी चांगलीच चढते आणि हळूहळू उतरते.

९. रुग्णाला खिडकीजवळ बसवून तोंड उघडायला सांगा. हिरड्या लाल, सुजलेल्या किंवा रक्त येणाऱ्या दिसल्या तर वहीत लिहा. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याच्या बाबतीत ही पायरी गाळायचीच नाही. हिरड्यांचा जुना आजारही सीआरपी वर ठेवतो. डॉक्टरांना ते सांगितलं नाही, तर वाढलेल्या आकड्याचा सगळा आळ धमनीवर येतो.

१०. लॅबला फोन लावा. जुन्या वस्तीत राहा की स्टेशन विभागात, जवळ जी लॅब आहे तिथपासून सुरुवात करा. एवढंच विचारा:

"भाऊ, हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी आकड्यात देता का?"

"पॉझिटिव्ह-निगेटिव्ह देतो."

"मग नको. आकड्यात पाहिजे, दशांशासकट."

यातच खरी मेख आहे. काचेच्या पट्टीवर थेंब टाकून करतात ती झटपट सीआरपी साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असलं की "निगेटिव्ह" म्हणते. आपल्याला बघायचाय तो फरक १, २, ३ या आकड्यांतला. त्या पट्टीवर तो दिसतच नाही. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन माणूस खुशीत घरी येतो, आणि डॉक्टर तो कागद बाजूला सारतात. सरकारी दवाखान्यात, म्हणजे आपल्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करणार असाल, तरी जाण्याआधी हाच प्रश्न विचारा.

११. रक्त कुठे तपासलं जाणार, ते विचारा. "इथे घेतो, अकोल्याला पाठवतो" असं उत्तर आलं तर सीआरपीसाठी हरकत नाही, तिचं रक्त नीट थंड ठेवलं तर प्रवास सोसतं. ईएसआरचं तसं नाही. तिचं रक्त खोलीच्या तापमानाला ठेवलं असेल तर ४ तासांच्या आत तपासायला लावावं लागतं, आणि उष्णतेनं आकडा बदलतो. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मोटारसायकलच्या डिकीत बसून अकोल्याला गेलेल्या रक्ताच्या ईएसआरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. म्हणून ईएसआर आणि सीबीसी गावातच करा, आणि सीआरपी गरज असेल तर बाहेर पाठवा. दोन पावत्या झाल्या तरी चालेल.

१२. सकाळची वेळ ठरवा. जमेल तितकी लवकर, लॅबमध्ये माणसं ताजी असताना. पुढची तपासणीही त्याच वेळेला करायची आहे, म्हणून वेळ वहीत लिहून ठेवा.

१३. आदल्या दिवशी रुग्णाला जड काम करू देऊ नका. पोती उचलणं, फवारणीचा पंप पाठीवर घेणं हे त्या दिवशी नको. नेहमीसारखं चालणं-फिरणं चालेल.

१४. उपाशी राहायचं की नाही, ते लॅबला विचारून घ्या. नुसत्या सीआरपी, ईएसआर, सीबीसीसाठी उपाशी राहायची गरज नसते. सोबत चरबीची किंवा उपाशीपोटीच्या साखरेची तपासणी असेल तर ते सांगतील तसं करा. पाणी मात्र प्यायचंच, पाणी कमी पडलं की शीर लवकर सापडत नाही. रुग्णाला मधुमेह असेल तर उपाशी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाही तर लॅबच्या बाकावरच चक्कर येते.

१५. सकाळच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला द्या. वेगळं काही करू नका.

लॅबमध्ये पोहोचलात. रुग्णाला बसवा, तुम्ही बाजूला उभे राहा.

१६. रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा, "यांना रक्त पातळ व्हायची गोळी सुरू आहे." सुई टोचल्यानंतर सांगू नका, आधी सांगा.

१७. रक्त घेतल्याबरोबर ट्यूबवरचं नाव आणि वय वाचा. गावात एकाच नावा-आडनावाची दोन माणसं सहज असतात. नाव तिथेच, तुमच्या समोर लिहून घ्या. "नंतर लिहितो" म्हटलं तर गोड बोलून थांबा, पण थांबा.

१८. जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली आहे का, ते बघा. सीबीसी त्यातूनच होते. ती हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची असते. जोरात खळखळून हलवली तर रक्तपेशी फुटतात, आणि हलवलीच नाही तर गुठळी होते. लॅबच्या माणसाला हे माहीत असतं, तुमचं लक्ष आहे एवढं त्याला दिसलं तरी पुरे.

१९. टोचलेल्या जागी कापूस ५ मिनिटं सरळ दाबून धरा. कोपर वाकवू नका, चोळू नका. रक्त पातळ करणारी गोळी असलेल्याचं कोपर वाकवलं की संध्याकाळपर्यंत काळानिळा डाग आलाच म्हणून समजा.

२०. घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ आणि लॅबचं नाव लिहा. आता रिपोर्ट येईपर्यंत चहा प्या.

रिपोर्ट आला. मोबाइलवर आला असेल तर कागदावर छापून घ्या, छोट्या पडद्यावर एकक वाचायचं राहून जातं.

२१. सीआरपीच्या आकड्यापुढचं एकक वाचा. ते मिलिग्रॅम प्रति लिटर आहे की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर? इंग्रजीत छापलेलं असेल तर तिरप्या रेघेनंतर नुसतं "एल" आहे की "डीएल" आहे, एवढंच बघा. दोन्हींत दहापटीचा फरक आहे.

२२. डेसिलिटर असेल तर आकड्याला १० नं गुणा. रिपोर्टवर ०.४ आहे आणि पुढे डेसिलिटर आहे, तर वहीत ४ लिहायचं. हे न करता "आधी ४ होती, आता ०.४ झाली, नव्वद टक्के फरक पडला" म्हणून पेढे वाटणारी माणसं असतात. फरक काहीच पडलेला नसतो, लॅब बदललेली असते.

२३. आकडा कोणत्या घरात बसतो ते लिहा. १ च्या खाली कमी, १ ते ३ मधला आणि ३ च्या वर जास्त. ही घरं हृदयविकाराचा एकूण धोका पाहण्यासाठी ठरवलेली आहेत, फुगलेल्या धमनीसाठी वेगळी रेषा कुणी आखलेली नाही. धमन्या फुगलेल्यांत हा आकडा इतरांपेक्षा वर सापडतो असं अनेक अभ्यासांत दिसलंय, पण एकट्या माणसाच्या एकट्या आकड्यावरून धमनी किती फुगली ते सांगता येत नाही. आकडा १० च्या वर गेला तर धमनीचा विचार तूर्त सोडा आणि सातव्या पायरीवर परत जा. कुठेतरी जंतुसंसर्ग किंवा ताजी सूज लपलेली असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी कळवा.

२४. ईएसआरचा आकडा लिहा आणि त्याच ओळीत हिमोग्लोबिन लिहा. ही जोडी तोडू नका. अंगात रक्त कमी असेल तर ईएसआर उगाच चढते, आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं नवं नाही. वयानुसारही आकडा वाढतो. ढोबळ हिशेब असा: पुरुषाच्या वयाचा निम्मा, बाईच्या वयात १० मिळवून त्याचा निम्मा, इथपर्यंत सहसा चिंता नाही. ६० वर्षांच्या पुरुषाला ३०, तेवढ्याच वयाच्या बाईला ३५. घरात सिकलसेल असेल तर वहीत ते ठळक लिहा. सिकलसेलमध्ये पेशींचा आकारच असा होतो की ईएसआर खोटी कमी येते आणि सगळे निर्धास्त होतात. विदर्भात तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय ईएसआर वाचू नये, असं माझं ठाम मत आहे.

२५. सीबीसीच्या कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांची टक्केवारी शोधा. दोन्ही आकडे एकाखाली एक असतात. वरच्या एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याशी गल्लत करू नका.

२६. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागा. न्यूट्रोफिल ६६, लिम्फोसाइट २२, तर उत्तर ३. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर करा आणि दशांशानंतर एकच आकडा ठेवा. डॉक्टर याला एनएलआर म्हणतात. वेगळी तपासणी नाही, वेगळा पैसा नाही, आहे त्या कागदातून निघतो. स्टेरॉइड सुरू असेल तर हा आकडा वाढलेला येतो, म्हणून पाचव्या पायरीतली यादी एकदा बघा. हा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडायचा नाही, याच माणसाच्या पुढच्या आकड्याशी ताडायचा.

२७. आता सगळं वहीत एका आडव्या ओळीत मांडा. तारीख, सीआरपी, ईएसआर, हिमोग्लोबिन, एनएलआर आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. नमुना असा:

१२ जानेवारी | ३.८ | २८ | ११.२ | २.९ | ताप नाही, डाव्या गुडघ्याला थोडी सूज, हिरडीतून रक्त येतं, स्टॅटिन रोज सुरू

आकड्यांपेक्षा हा शेराच डॉक्टर आधी वाचतात. "सर्व ठीक" एवढंच लिहू नका, त्यातून काही कळत नाही.

२८. डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितली असेल तर दोन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला सीआरपी परत करा. दुसरी लॅब पन्नास रुपयांनी स्वस्त पडते म्हणून बदलू नका. दोन आकडे एकाच यंत्रावरचे असले तरच त्यांची सरासरी काढण्यात अर्थ आहे.

२९. दोन्ही आकड्यांची सरासरी वहीत लाल पेनानं लिहा. डॉक्टरांना तोंडी सांगायचा आकडा हाच. एक आकडा १० च्या वर असेल तर सरासरी काढूच नका, तो आकडा तसाच दाखवा.

३०. फाइल क्रमानं लावा. सगळ्यांत वर वही, मग अँजिओग्राफीचा रिपोर्ट, मग रक्ताचे रिपोर्ट नव्याकडून जुन्याकडे, मग औषधांची यादी. पेनड्राइव्ह छोट्या पाकिटात घालून फाइलला आतून चिकटवा. गाडीच्या गर्दीत सुटा पेनड्राइव्ह हरवतोच.

३१. डॉक्टरांसमोर बसल्यावर तीन प्रश्न विचारा. हा आकडा दुसऱ्या कशामुळे वाढला असेल का? रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत काही बदल आहे का? धमनीची तपासणी पुन्हा कधी आणि कोणती? उत्तरं तिथेच वहीत लिहा, बसस्टँडवर येईपर्यंत निम्मी विसरलेली असतात.

३२. पुढची रक्त तपासणी कधी, हे त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांनी सांगितली नाही तर करू नका. काही जण मनानंच दर महिन्याला सीआरपी करत सुटतात, आकडा ३.१ चा ३.४ झाला की रात्रभर झोपत नाहीत. एवढा चढउतार धडधाकट माणसातही होतो. फुगलेल्या धमनीचे उपचार या एका आकड्यावर ठरत नाहीत. ते ठरतात धमनीत ब्लॉक किती, रक्त किती हळू वाहतं, गुठळीची भीती किती, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व तंबाखू यांचं काय चाललंय यावर. खर्रा अजून सुरू असेल तर पुढच्या सीआरपीचे पैसे खर्च करण्याआधी तो सोडा.